तिनं हाका मारल्या होत्या

४ मार्च

चि. मनी हिस,

अनेक आशीर्वाद.

फोनचं उत्तर पत्रानं देणारा बाप जगात मी एकटाच असेन, असं जावईबापू म्हणतील. म्हणू देत. फोनवर तू विचारतेस, "बरे आहात ना?" मी म्हणतो, "ठणठणीत." मग आपण दोघंही पुढचं काय ते शोधत बसतो, आणि तेवढ्यात तुझ्या कुकरची शिट्टी होते. कागदाला शिट्टी नसते.

बाळाची बातमी ऐकून काय वाटलं ते फोनवर नीट सांगता आलं नाही. फोन ठेवला आणि घरात कुणाला सांगावं म्हणून इकडेतिकडे बघितलं. मग खाली जाऊन जिन्यात बल्ब बदलणाऱ्या माणसाला सांगितलं. तो म्हणाला, "अरे वा," आणि शिडी धरायला लावली. दहा मिनिटं मी त्याची शिडी धरून उभा होतो, आनंदात.

इकडचं सगळं जिथल्या तिथे आहे. दुकानात काचा घासायचं नवं यंत्र आलंय. त्यात चष्म्याचा नंबर भरला की काच आपोआप फ्रेमच्या मापाची होऊन बाहेर पडते. मालकांना वाटतं आता मला आराम. पण ते यंत्र काच कापतं, ती बसवायची मलाच. स्क्रू किती पिळायचा ते त्याला कळत नाही. मागच्या खोलीत मी, यंत्र आणि एक टेबललॅम्प. पुढे काउंटरवरची मुलगी दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलते, ते मला पडद्याआडून ऐकू येतं. तेवढंच माझं बोलणं.

रविवारी दुकान बंद. मागच्या रविवारी मी तरीही तिथपर्यंत चालत गेलो, शटरचं कुलूप बघितलं आणि परत आलो. पायांना सवय, दुसरं काही नाही.

तू म्हणालीस, जूनमध्ये तीन महिने येऊन राहा. यायला कुणाला आवडणार नाही? पण जूनमध्ये शाळा सुरू होतात, पोरांच्या चष्म्यांची एकच झुंबड असते, मालक सुट्टी देणार नाहीत. शिवाय गुडघा. तुमचा चौथा मजला. लिफ्ट आहे, ठाऊक आहे मला, पण लिफ्टचा काय भरवसा? तुझ्या सासूबाई येणारच आहेत. त्या माझ्यापेक्षा चार पावसाळे कमी पाहिलेल्या आणि अंगानं खणखणीत.

झोप येते का, असं विचारलंस. येते. डॉक्टरांनी दिलेली ती साधी गोळी आहे, ती घेतो. काळजीचं काही नाही.

माझी नात बटण कशी आहे? परवाही फोनवर आली नाही. तू म्हणालीस लाजते. लाजत असेल.

तब्येतीला जप. जड काही उचलू नकोस.

तुझे
बाबा


२३ मार्च

चि. मनी,

आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. दोनच ओळींचं, पण चांगलंच लागलं. "यायचं नसेल तर सरळ नाही म्हणा. गुडघ्याला मध्ये आणू नका." अगदी तुझ्या आईचा सूर. तीही अशीच, दोन ओळींत माणसाला भिंतीशी उभं करायची.

तर गुडघ्याला बाहेर काढतो. गुडघा बरा आहे. मालकांना मी विचारलेलंही नव्हतं. काल विचारलं, तर म्हणाले, "तीन काय, चार महिने जा, यंत्र आहे ना." हेही फार सुखाचं वाटलं नाही, पण ते असो.

खरं कारण त्या गोळीचं आहे. तिला मी साधी म्हणालो. तशी ती दिसायला साधीच आहे, पांढरी, शर्टाच्या बटणाहून लहान.

तुझी आई गेली तेव्हा मी रडलो नाही, हे तुला आठवत असेल. तू आत्याला म्हणाली होतीस, "बाबा खंबीर आहेत." मी दारामागून ऐकलं होतं आणि मला बरं वाटलं होतं. त्यानंतर आठ महिन्यांनी एक दिवस दुकानात काच हातात धरली आणि छाती धाडधाड उडायला लागली. हात गार. समोरच्या चिठ्ठीवरचे आकडे दिसत होते, पण वाचता येईनात. मी टेबलाची कड धरली. वाटलं, संपलं. काउंटरवरच्या मुलीनं रिक्षा करून दवाखान्यात नेलं. तिथे सगळ्या तपासण्या झाल्या आणि डॉक्टर म्हणाले, "हृदय तुमचं माझ्यापेक्षा चांगलं आहे. ही काळजी आहे. मनाची."

मी म्हटलं, "मला कसली काळजी? मी खंबीर माणूस आहे."

ते हसले नाहीत. अंथरुणावर पडल्यावर काय होतं ते त्यांनी विचारलं. तेव्हा पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं की पाठ टेकली की डोळे सताड उघडतात, की तुझी आई ज्या कुशीवर झोपायची तिकडे मला वळवत नाही, की पहाटे दूधवाल्याची सायकल वाजली की सुटका झाल्यासारखं वाटतं. त्यांनी रोज एक गोळी तीन आठवड्यांसाठी लिहून दिली. मग बोलायला परत या म्हणाले. बोलायला मी गेलो नाही. गोळ्या मात्र घेतल्या.

आणि मने, त्या गोळीनं मला उभं केलं, हे मी नाकारणार नाही. मी झोपलो. काचा बसवू लागलो. लोक म्हणाले, चेहऱ्यावर तेज आलं. तीन आठवडे झाले, संपल्या, तसे ते डोळे पुन्हा उघडे. मी तीच चिठ्ठी घेऊन औषधवाल्याकडे गेलो. त्यानं एकदा दिल्या, दोनदा दिल्या, मग कुरकुर केली, तेव्हा मी पलीकडच्या चौकातला औषधवाला धरला. कधी खाडाखोड करून तारीख पुढे केली. एकतीस वर्षं डोळ्यांच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचणारा माणूस मी, मला ते अवघड नव्हतं. लाज वाटते लिहिताना. पुढे एकीनं भागेना, तेव्हा दीड. मग दोन. दुपारी छाती उडाली तर वर आणखी एक.

तुला मागचं पत्र टाकून आलो त्या दिवशी ठरवलं, आता बस. बाळाच्या घरी जायचं तर स्वच्छ होऊन जायचं. सगळ्या गोळ्या कचऱ्यात टाकल्या. पहिले दोन दिवस स्वतःवर खूश होतो. चौथ्या दिवशी घामानं शर्ट भिजलेला, बोटं अशी थरथरत होती की स्क्रू जागेवर बसेना. त्या दिवशी एका मास्तरीणबाईंच्या चष्म्यात मी डावी काच उजवीकडे आणि उजवी डावीकडे बसवली. त्या चक्कर येऊन पायरीवर बसल्या. एकतीस वर्षांत पहिल्यांदा असं झालं. मालक रागावले नाहीत. "घरी जा," एवढंच म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं.

दवाखान्यात गेलो. तेच डॉक्टर. सगळं सांगितलं, दोन औषधवाले, खाडाखोड, सगळं. ते म्हणाले, "थांबवलंत हे चांगल्या मनानं केलंत, पण ही गोळी अशी एकदम तोडायची नसते. झटके येऊन पडला असतात. आता आपण ती मिळून कमी करू. पाव पावानं. महिने लागतील." आता ते दर आठवड्याला मोजक्याच देतात, आणि समोर बसवून बोलतातही. मी फारसं बोलत नाही. पण जातो.

म्हणून जूनमध्ये नको म्हणत होतो. कळलं ना? आता तरी रागावू नकोस.

आणखी काही नाही.

तुझे
बाबा


१७ एप्रिल

मनी,

परवा तू फोनवर किती प्रेमानं बोललीस. "बाबा, आधी का नाही सांगितलंत? इथे या, इथल्या डॉक्टरांना दाखवू, गोळ्या माझ्याकडे ठेवू." मी नुसता हं हं करत होतो. मग तू बटणची गोष्ट सांगितलीस, जाता जाता, गंमत म्हणून. तिचा कान तीन दिवस ठणकत होता, पण ती बोलली नाही. उशीवर पू दिसला तेव्हा तुला कळलं. तू विचारलंस, "अगं, सांगितलं का नाहीस?" आणि ती म्हणाली, "तुला खरं वाटलं नसतं."

तू म्हणालीस, "सहा वर्षांची पोर आणि बघा कशी बोलते!" आणि हसलीस.

मी फोन ठेवला. त्यानंतर आज तिसरा दिवस. गेल्या पत्रात "आणखी काही नाही" असं लिहिलं होतं. ते खोटं होतं. सगळं सांगितल्यासारखं करून मी खरी गोष्ट मागे ठेवली. आता सांगतो. हे पत्र वाचताना जवळ कुणी नसेल असं बघ, आणि बसून वाच.

दोन वर्षांपूर्वी बटणला सांभाळणाऱ्या बाई सोडून गेल्या तेव्हा मी तुमच्याकडे सहा आठवडे राहिलो. तो शेवटचा आठवडा. गुरुवार. तिच्या पायाला काच लागली तो दिवस.

तू नऊ वाजता ऑफिसला गेलीस. जावईबापू दौऱ्यावर. आम्ही जेवलो, ठोकळ्यांचं घर केलं. दोनच्या सुमारास माझी छाती उडायला लागली. कारण काहीच नाही. खिडकीतून ऊन येत होतं, पोर खेळत होती, आणि मला वाटलं मी इथेच पडणार आणि ही एकटी राहणार. त्या भीतीनं मी एक गोळी घेतली. अर्ध्या तासात उतार पडेना, म्हणून दुसरी घेतली. आणि तुमच्या त्या लांब खुर्चीत बसलो, दोन मिनिटं.

मला जाग आली ती पावणेसहाला. ऊन गेलेलं. जीभ जड. आधी मला फरशीवर लाल ठिपके दिसले, स्वयंपाकघराकडून माझ्या खुर्चीपर्यंत आलेले, आणि खुर्चीच्या पायाशी बटण बसलेली. तिनं पायाला तुझा आंघोळीचा टॉवेल गुंडाळला होता. स्वतः. ती रडत नव्हती. रडून झालं होतं. गालावर वाळलेलं दिसत होतं. तिला तहान लागली होती. स्टुलावर चढून तिनं काचेचा जग ओढला, तो फुटला, ती काचांवर उतरली. मग ती माझ्यापर्यंत आली. माझ्या बाहीवर रक्ताची बोटं उमटली होती, तिनं मला हलवलं होतं तिथे.

ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही उठलात?"

मी जखम धुतली, बाही मुडपली, फरशी पुसली. होय, मी फरशी आधी पुसली नाही, जखम आधी धुतली, एवढं तरी मी केलं. तेवढ्यात तुझी किल्ली दारात वाजली.

पुढचं तुला ठाऊक आहे, पण तुला ते उलटं ठाऊक आहे. तू तिला उचललंस आणि ती म्हणाली, "आजोबा उठतच नव्हते. मी किती हाका मारल्या." तू माझ्याकडे बघितलंस. त्या नजरेत संशय नव्हता गं. नुसता प्रश्न होता. त्या क्षणी मी "हो" म्हणालो असतो तर संपलं असतं. मी म्हणालो, "छे, मी इथेच होतो. दोन मिनिटं बाथरूममध्ये गेलो तेवढ्यात हिनं उद्योग केला. आता ओरडा बसेल म्हणून काहीतरी सांगतेय."

डॉक्टरांकडे तीन टाके पडले. घरी आल्यावर तू तिला समोर उभं केलंस. तू चुकली नाहीस, कुठल्याही शहाण्या आईनं तेच केलं असतं. तू म्हणालीस, "लागलं त्याबद्दल मी रागावणार नाही. पण खोटं बोलायचं नाही. आजोबांना सॉरी म्हण."

ती कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिली. तिला वाटत असावं, आता आजोबा सांगतील. मी चष्मा काढून पुसत बसलो. शेवटी ती म्हणाली, "सॉरी आजोबा."

आणि मी म्हणालो, "असू दे, असू दे. लहान आहे."

मने, मी तिला माफ केलं! चार वर्षांची ती, पायाला टाके पडलेले, खरं बोललेली, आणि मी मोठ्या मनानं तिला माफ केलं.

तेव्हापासून ती फोनवर येत नाही. तू लाजते म्हणतेस आणि मी ते मानून घेतो, कारण सोयीचं आहे. पण परवा तिचं ते वाक्य ऐकलं आणि कळलं की ही गोष्ट माझ्या-तिच्यापुरती राहिलेली नाही. कान ठणकला तरी ती आता तुला सांगत नाही. ती जे शिकली ते मी शिकवलं.

हे गोळीनं केलं असं मी म्हणणार नाही. झोपलो तो गोळीनं. खोटं बोललो तेव्हा मी पूर्ण जागा होतो.

डॉक्टरांना काल हे सांगितलं. ते म्हणाले, "मुलीला सांगा." मी म्हटलं, "ती तोडून टाकेल." ते म्हणाले, "तोडेलही." दिलासा म्हणून त्या माणसाच्या तोंडून कधी काही निघत नाही. म्हणूनच बहुधा मी त्यांच्याकडे जातो.

मला बोलव असं मागणार नाही. बोलावलंस तरी बाळाजवळ मला एकट्याला ठेवू नकोस. हे मी माझ्या हातानं लिहितोय, म्हणजे पुढे तुला संकोच नको.

मागणं एकच. आज, हे वाचलंस की, तिला जवळ घे आणि सांग की ती खोटं बोलली नव्हती.

बाबा


१४ मे

मनी,

जवळजवळ चार आठवडे तुझा फोन नाही, पत्र नाही. मी रोज दुकानातून आलो की आधी पत्रपेटी बघायचो. एकदा तळमजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "काका, टपाल सकाळी येतं, संध्याकाळी उघडून काय मिळणार?" तरी उघडायचो.

काल तुझी चिठ्ठी आली. "मला अजून तुमच्याशी बोलता येत नाही. मी तिला सॉरी म्हणायला लावलं, हे माझ्या डोक्यातून जात नाही. ती गोष्ट मी तिला सांगणार नाही. ज्यानं केलं त्यानं सांगावं. लिहा, मी वाचून दाखवीन." आणि खाली, जाड अक्षरात, "गोळ्या एकदम बंद करू नका."

त्या शेवटच्या ओळीसाठी देव तुझं भलं करो.

आता रोज सव्वा गोळीवर आलोय. झोप अर्धीमुर्धी. चालतं.

सोबतचा कागद तिचा. मध्येच थांबवून तिनं काही विचारलं, तर खरं ते सांग. मला सांभाळून घेऊ नकोस.

बाबा


प्रिय बटण,

मी आजोबा. आई हे वाचून दाखवतेय, पण लिहिलंय मी.

तू चार वर्षांची होतीस तेव्हा जग फुटला आणि तुझ्या पायाला काच लागली. तेव्हा तू आईला सांगितलंस की आजोबा उठत नव्हते आणि तू खूप हाका मारल्यास. मी आईला सांगितलं की तसं झालं नाही.

तसंच झालं होतं. मी झोपलो होतो. डॉक्टरांनी मला झोपेचं औषध दिलं होतं. मी ते दिवसा घेतलं, आणि जास्त घेतलं, म्हणून तू हलवलंस तरी मला जाग आली नाही. तुझ्या हाका छोट्या नव्हत्या. तू काहीही चुकीचं केलं नव्हतंस. टॉवेल गुंडाळलास तो तर अगदी बरोबर गुंडाळला होतास. डॉक्टरांनीही तेच केलं असतं.

मी आईला घाबरलो. मोठी माणसंही घाबरतात. घाबरून मी खोटं बोललो आणि तुला खोटं पाडलं. आईला ते ठाऊक नव्हतं. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला, कारण मी तिचा बाबा आहे.

तू मला सॉरी म्हणाली होतीस. ते माझ्याकडे यायला नको होतं. सॉरी मी म्हणायला हवं होतं, तुला, आईसमोर, त्याच दिवशी. आज म्हणतो. सॉरी, बटण.

तू "असू दे" म्हणायची काही गरज नाही. राग आला असेल तर येऊ दे. कितीही दिवस राहू दे. फोनवर यावंसं वाटलं नाही तर येऊ नकोस, मी आईला विचारणारही नाही.

फक्त एक कर. कान दुखला, पोट दुखलं, कुणी ढकललं, कशाची भीती वाटली, तर आईला सांग. लगेच सांग. आणि एखाद्या वेळी कुणी म्हणालं की असं नाहीच झालं, तर हा कागद त्यांना दाखव. यावर तुझ्या आजोबांची सही आहे, की तू खरं बोलतेस.

तुझा,
तू हाका मारल्यास तेव्हा न उठलेला,
आजोबा